रानातला खुंट
टोमॅटोचे रोप भर उन्हात माना टाकते आणि संध्याकाळी पुन्हा सावरते. पाणी भरपूर असते, पानावर डाग नसतो. असे रोप उपटले तर मुळांवर गाठीच गाठी दिसतात. हरभऱ्याच्या मुळावरची उपयुक्त गाठ नखाने सुटून येते. ही सुटत नाही, कारण इथे मूळच फुगलेले असते. मातीतल्या सूत्रकृमी या किडीचे अर्धा मिलिमीटरही न भरणारे पिल्लू मुळात शिरते, काही पेशी फुगवून त्यांवर पोसते आणि तिथेच मुक्काम ठोकते. उबदार जमिनीत महिनाभरात मादी शेकडो अंडी घालते.

यावरचा पहिला मोठा उपाय एका रानटी टोमॅटोत सापडला. सोलॅनम पेरुव्हियानम या जातीत सूत्रकृमी वाढत नव्हती, पण लागवडीच्या टोमॅटोशी तिचा संकर टिकत नसे. गर्भ बियातच मरे. 1944 मध्ये कॅलिफोर्नियात पॉल स्मिथ यांनी तो गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवला. पुढच्या प्रतिकारक वाणांतला ‘मी’ जनुक त्या संकरातूनच आला. या जनुकामुळे किडीच्या तोंडाजवळच्या पेशी मरतात आणि ती उपाशी राहते. मात्र जमिनीचे तापमान 28 अंशांवर गेले की हा प्रतिकार ढिला पडतो. आपल्याकडच्या उन्हाळी टोमॅटोसाठी ही फार मोठी उणीव आहे.

म्हणून शोध वांग्याच्या रानटी भावकीकडे वळतो. जनुक पिकात आणण्याऐवजी रानटी झाडाचे मूळच खुंट म्हणून वापरायचे आणि त्यावर पिकाची कलमकाडी बांधायची. द्राक्षबागायतदारांना हे नवे नाही. डॉगरिज खुंटावर त्यांनी बागा उभ्या केल्या आहेत. भाज्यांत सोलॅनम टॉर्वम महत्त्वाचे ठरले. तमिळनाडूत याच झाडाची छोटी हिरवी फळे सुंडक्काई म्हणून खातात, तर जपानमध्ये वांग्याची कलमे त्यावर बांधतात.

रानटी म्हणजे प्रतिकारक, असे मात्र धरून चालत नाही. प्रत्येक नमुना कुंडीत लावून मातीत ठरावीक संख्येने अंडी वा पिल्ले सोडतात. दीड-दोन महिन्यांनी मुळे हलक्या हाताने धुऊन रंगात बुडवली की अंडीपुंज लाल ठिपक्यांसारखे उठून दिसतात. खरा निकाल त्यांत आहे. गाठी कमी असूनही अंडी भरपूर निघाली, तर तो खुंट जमिनीत किडीची पैदासच करतो.

खुंट जुळणेही आवश्यक आहे. टॉर्वमचे बी उशिरा आणि मागेपुढे उगवते, रोप बारीक राहते. त्यामुळे ते कलमकाडीच्या रोपाआधी कित्येक दिवस पेरावे लागते. धोतरा तर वर्ज्यच, कारण त्याचे विष मुळातून वर चढून टोमॅटोच्या फळात उतरते. अमेरिकेत अशा फळांनी विषबाधा झालेली आहे. लावणीच्या वेळी कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवतात. तो गाडला गेला तर टोमॅटो तिथून स्वतःची मुळे फोडतो आणि सूत्रकृमीला आत शिरायला वाट मिळते.