कढईतलं पाणी

मुकुटबनची ओळख अलीकडे चुनखडी, कोळसा आणि सिमेंट या तीन गोष्टींवरून सांगितली जाते. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातल्या या गावाभोवतीची शेतं मात्र कापसाची, सोयाबीनची आणि तुरीची आहेत. हिवाळा लागला की तुरीचे ओले सोले, मेथी, पालक, कोबी, वांगी असं सगळं इथल्या चुलीवर नाहीतर शेगडीवर परतलं जातं. शहरातल्या हॉटेलात हाच प्रकार ‘स्टर फ्राय’ या नावाने आरोग्यदायी म्हणून महागात विकला जातो, आणि त्यामुळे असा समज पसरला आहे की त्यासाठी ब्रोकोली, झुकिनी, ऑलिव्हचं तेल आणि गोल बुडाची चिनी कढई हवी. यातलं काहीच अत्यावश्यक नाही. परतलेल्या भाजीतलं पोषण टिकतं की जातं, हे भाजीच्या जातीपेक्षा आणि तेलाच्या डब्यावरच्या नावापेक्षा कितीतरी अधिक एका साध्या गोष्टीवर ठरतं: कढईत पाणी किती आहे आणि ते किती वेळ तिथे राहतं.

पालक, मेथी, कोबी या भाज्यांच्या वजनात जवळपास नऊ दशांश पाणीच असतं. त्यात भाजी धुतल्यावर पानांना चिकटून राहिलेल्या पाण्याची भर पडते. आता उष्णतेचा हिशेब पाहा. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला सुमारे २९० जूल लागतात, पण तेच पाणी उकळून त्याची वाफ करायला सुमारे २२६० जूल, म्हणजे जवळजवळ आठपट. घरगुती गॅसच्या शेगडीची ताकद २ किलोवॉट धरली आणि त्यातली साठ टक्के उष्णता कढईला मिळते असं मानलं, तर दर सेकंदाला १२०० जूल हाती येतात. पानांवर नुसतं १०० ग्रॅम पाणी राहिलं असेल, तर तेवढंच उडवायला तीन मिनिटांहून अधिक वेळ जातो. हे पाणी असेपर्यंत भाजीचं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणजे कढईत भाजी परतली जात नसते, ती उकडत असते. भाजलेल्या पदार्थाचा खमंग वास आणि तपकिरी रंग देणारी मेलार्ड अभिक्रिया (फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मेलार्ड याने १९१२ साली तिचं वर्णन केलं) जोमाने घडायला साधारण १४० अंश लागतात. मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यात क्लिंकर तयार व्हायला साडेचौदाशे अंश लागत असतील, इथे दीड-दोनशे पुरतात. पण ओल्या पानांनी भरलेल्या कढईला तेही गाठता येत नाहीत.

चवीचं हे झालं. पोषणाचं गणितही याच पाण्याभोवती फिरतं. क जीवनसत्त्व आणि फोलेट ही पाण्यात विरघळणारी आहेत. ती उष्णतेने नष्ट होतात हे खरं, पण भाजी उकडून पाणी फेकून दिलं तर न जळताच मोरीत जातात. कोबी, फ्लॉवर, मुळा या मोहरीच्या कुळातल्या भाज्यांत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगं असतात; तीही पाण्यात सुटतात. म्हणून कमी पाण्यात, थोड्या वेळात, मोठ्या आचेवर शिजवणं तत्त्वतः फायद्याचं.

तत्त्वतः, असं म्हणायचं कारण की प्रयोगांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. चीनमधल्या झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली ब्रोकोली वेगवेगळ्या पद्धतींनी शिजवून पाहिली. वाफवणं सर्वांत सरस ठरलं. परतलेल्या ब्रोकोलीतलं क जीवनसत्त्व बरंच घटलं होतं. त्याआधी दोन वर्षं, स्पेनमधल्या मुर्सिया इथे झालेल्या अभ्यासात मात्र काही तेलांत परतलेल्या ब्रोकोलीतलं क जीवनसत्त्व कच्च्या भाजीच्या जवळपास राहिलं होतं. परतण्याचं नाव एकच, निकाल उलट. दोन्ही प्रयोगशाळा प्रामाणिक असतील तर फरक कशात? माझ्या मते तो तपशिलात असावा: फोडी किती मोठ्या, भाजी किती, आच किती, पाणी घातलं का, किती मिनिटं. ‘परतणं’ ही एकच एक पद्धत नाही. दोन मिनिटं चळचळ वाजणारी कढई आणि पंधरा मिनिटं झाकणाखाली गदगदणारी कढई या दोघींना आपण एकाच नावाने ओळखतो, आणि मग परतलेलं चांगलं की वाईट यावर वाद घालत बसतो.

सर्वांत मोठा आक्षेप तेलाचा. तेल टाळून भाज्या नुसत्या उकडून खाव्यात, असा सल्ला हृदयविकाराच्या धास्तीने सर्रास दिला जातो. पण पालेभाज्यांत, गाजरात, भोपळ्यात असलेलं बीटा-कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते पाण्यात विरघळत नाही. त्याला आतड्यातून आत जायला स्निग्ध पदार्थाची सोबत लागते. अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठाने २००४ साली दाखवलं की चरबीविरहित ड्रेसिंग घातलेलं सॅलड खाणाऱ्यांच्या रक्तात कॅरोटिनॉइड जवळपास उतरतच नाहीत. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पालेभाज्या आणि पिवळ्या-केशरी भाज्यांवर प्रयोग केले. कच्च्या भाजीपेक्षा शिजवलेल्या भाजीतलं बीटा-कॅरोटीन पचनानंतर अधिक मोकळं होतं, आणि थोड्या तेलात परतल्यावर ते फारच वाढतं, असं तिथे आढळलं. पेशींच्या भिंती उष्णतेने सैल होतात आणि तेल त्यातलं कॅरोटीन उचलून घेतं. कच्चंच खावं म्हणणाऱ्यांनाही यातच उत्तर मिळतं: क जीवनसत्त्वासाठी टोमॅटो कच्चे खा, पण मेथीतल्या कॅरोटीनसाठी कढई हवी.

प्रश्न तेल आहे की नाही हा नसून किती आहे, हा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांतलं दोन हजार उष्मांकांचं ताट दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि २७ ग्रॅम तेल-तूप सांगतं. चार जणांच्या भाजीला दोन लहान चमचे, म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास तेल घेतलं, तर माणशी अडीच ग्रॅम. परतायला एवढं पुरतं, अट एकच की कढई आधी तापलेली आणि भाजी कोरडी हवी. वैदर्भी रश्श्यावर तरंगणाऱ्या तर्रीशी याची तुलना करण्याचंही कारण नाही. तेल कोणतं, याचं उत्तर लांबलचक नाही: आच मोठी असेल तर रिफाइंड शेंगदाणा, सोयाबीन किंवा सरकीचं तेल चालतं. जवसाचं मात्र कढईत तापवू नये. त्यातलं ओमेगा-३ वर्गातलं आम्ल उष्णतेत लवकर बिघडतं. जवस चटणी होऊन ताटात आलेला बरा.

हॉटेलातला आचारी कढई हवेत उडवतो ते दिखाव्यासाठी नव्हे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या दोन संशोधकांनी २०२०मध्ये चिनी आचाऱ्यांच्या हालचालींचं चित्रीकरण करून त्याचं भौतिकशास्त्र मांडलं. सेकंदाला जवळजवळ तीन झटके, आणि प्रत्येक झटक्याला अन्न तापलेल्या लोखंडावरून उचललं जाऊन हवेत किंचित निवतं, म्हणून करपत नाही. हॉटेलातल्या आचाऱ्याच्या शेगडीची ताकद घरच्या शेगडीच्या दहापट सहज असते. ‘घरच्या आचेवर हे जमत नाही’ हा आक्षेप म्हणून अर्धा खरा आहे. पण आच वाढवता येत नसेल तर पाणी कमी करता येतं. भाजी चिरण्याआधी धुवावी, चाळणीत निथळू द्यावी, फडक्यावर पसरावी. अर्धा किलो मेथी एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत परतावी: गॅस तेवढाच लागेल, पण प्रत्येक पान आचेवर राहण्याचा वेळ निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येईल. मीठ शेवटी, आधी घातलेलं मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं आणि कढईत तळं साचतं. झाकण ठेवलं की उडालेली वाफ थेंब होऊन परत खाली येते, तेव्हा झाकण फक्त सोल्यांसारख्या दाण्यांना, तेही आधी. हलवायला लांब दांड्याचा सराटा असला की झालं. झटके मारायची गरज नाही.

कोबीच्या बाबतीत एक गंमत आहे. त्यातले ग्लुकोसिनोलेट उपयोगी रूपात यायला मायरोसिनेज नावाचं विकर लागतं. ते भाजी चिरल्यावर कामाला लागतं आणि तापल्यावर निकामी होतं. म्हणजे कोबी चिरून थेट कढईत टाकला तर विकराला वेळच मिळत नाही. चिरून अर्धा-पाऊण तास ठेवला तर मिळतो. शिजवलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची कच्ची पूड भुरभुरली तर ही क्रिया पुन्हा सुरू होते, हेही प्रयोगांत दिसलं आहे, कारण मोहरीत तेच विकर असतं. फोडणीत तडतडलेल्या मोहरीत ते उरत नाही. फेसलेल्या मोहरीचा नाकात जाणारा झणका मात्र त्याच विकराची करामत, आणि लोणच्यापुरती राखून ठेवलेली ही मोहरी परतून उतरवलेल्या कोबीत चमचाभर घालायला काहीच हरकत नाही. लसणाचंही तसंच: ठेचून दहा मिनिटं ठेवावा, मग तेलात टाकावा.

निव्वळ भाजी परतून जेवण पुरं होत नाही, त्यात प्रथिन हवं. हॉटेलवाले त्यासाठी टोफू घालतात. सोयाबीन पिकवणाऱ्या या पट्ट्यात ते धान्य घरच्या कढईत फारसं येत नाही, हे मला विचित्र वाटतं: दाणा बाजारात जातो, तेल पिशवीतून परत येतं आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला पस्तीस-चाळीस ग्रॅम प्रथिनं असतात, पण कच्च्या दाण्यात पचनाच्या आड येणारी द्रव्यं आहेत, म्हणून ते रात्रभर भिजवून कुकरमध्ये शिजवून मगच परतावं. केवळ परतणं त्याला पुरत नाही. तुरीच्या ओल्या सोल्यांत शंभर ग्रॅमला सातेक ग्रॅम प्रथिनं, ते पाच-सात मिनिटांत शिजतात, आणि ज्वारीत कमी पडणारं लायसिन हे अमिनो आम्ल तुरीत भरपूर असतं. सोले-मेथीची परतलेली भाजी, वर सांबार म्हणजे कोथिंबीर आणि ज्वारीची भाकर, या ताटाला टोफूची उणीव भासत नाही.

महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. म्हणून लोखंडी कढईची शिफारस होते, ती योग्यच. इथिओपियातल्या मुलांवरचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास लोखंडी भांड्यांतल्या अन्नाने हिमोग्लोबिन सुधारल्याचं सांगतो. पण इथे माझ्याच मांडणीला एक मर्यादा पडते. लोखंड अन्नात उतरायला आंबटपणा, ओलावा आणि वेळ लागतो, आणि चांगल्या परतण्यात या तिन्हींची कमतरता असते. कोरडी परतलेली भेंडी लोखंडी कढईतून फार काही घेणार नाही. अंबाडीची भाजी किंवा टोमॅटो घातलेली वांगी घेतील. लोह हवं त्या दिवशी आंबट भाजी रटरटू द्यावी. परतलेल्या भाजीवर शेवटी लिंबू पिळलं, तर भाजीतलं आणि डाळीतलं लोह शोषायला मदत होते. म्हैसूरच्याच संस्थेला लसूण आणि कांद्यामुळे धान्य-डाळींतलं लोह आणि जस्त अधिक मोकळं होतं असंही आढळलं आहे.

मोठ्या आचेचा खरा धोका भाजीत नसून धुरात आहे. मोठ्या आचेवर तळताना निघणारा धूर माणसात बहुधा कर्करोगकारक आहे, आणि घरात जाळलेल्या कोळशाचा धूर निश्चितच, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचं वर्गीकरण आहे. चीनच्या युनान प्रांतातल्या शुआनवेई भागात धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतही फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण विलक्षण होतं. कारण निघालं ते घरात, धुराड्याविना जळणारा धुरकट कोळसा. तिथे धुराड्याच्या शेगड्या आल्या आणि प्रमाण उतरलं. वणी-मुकुटबनचा पट्टा कोळशाचा आहे, म्हणून हे उदाहरण इथे परकं वाटू नये. तेल धुरावेपर्यंत तापवण्याची गरजच नाही. पाण्याचा शिंतोडा पडताच चर्र वाजलं की भाजी टाकावी, खिडकी उघडी असावी, आणि चुलीवर वा कोळशावर स्वयंपाक असेल तर मोठ्या आचेच्या परतण्यापेक्षा मंद आचेची भाजी पत्करावी, थोडं जीवनसत्त्व गेलं तरी.

काही पालेभाज्यांना तर पाणी लागतंच. कोलाम आणि गोंड वस्त्यांच्या या तालुक्यात पहिल्या पावसानंतर तरोट्याची कोवळी पानं खुडली जातात. ती कोवळी असताना परतावीत. जून, कडवट रानभाज्या उकडून, पिळून, पाणी टाकून मग फोडणीला घालण्याची रीत त्यांतली नकोशी द्रव्यं काढून टाकते, आणि केवळ जीवनसत्त्वांच्या नावाखाली ती मोडू नये. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी पालकही आधी उकडून घ्यावा: त्यातल्या विरघळणाऱ्या ऑक्झलेटचा मोठा भाग पाण्याबरोबर जातो. क जीवनसत्त्वही जातं, पण ते लिंबू पिळून परत मिळवता येतं.