रॉकेलची वाट

चंद्रपुरास कोळसा मुबलक. तेल मात्र दुरून आणावें लागतें. १९७३ सालीं, तेव्हां याच जिल्ह्यांत असलेल्या हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथें वीज नव्हती. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं पुष्कळ वर्षें कंदिलाच्या उजेडांत रुग्णांवर उपचार केले. त्या कंदिलांतील रॉकेलची वाट उलट चालत गेल्यास ती बहुधा एखाद्या बंदरावरील टाकीशींच पोंचेल.

पूर्वी रॉकेल डब्यांतून येई. १८९२ सालीं मार्कस सॅम्युएल यांच्या ‘म्यूरेक्स’ जहाजानें तें सुवेझमार्गें टाक्यांत भरून पूर्वेकडे नेलें. खर्च वांचला, पण गिऱ्हाइकें रुसलीं. त्यांस रिकामा डबाहि हवा होता! अखेर डबे इकडेच करवून घ्यावे लागले. डब्यांत धान्य सांठविणाऱ्या आपल्या गृहिणींस यांत नवल वाटूं नये.

मुंबई बंदरांतील जवाहर द्वीपावर जहाजांतून कच्चें तेल उतरतें आणि समुद्राखालील नळांतून माहूलच्या कारखान्यांकडे जातें. अशा तेलाच्या टाकीचें छप्पर पुष्कळदां तेलावरच तरंगतें. तेल उतरेल तसें तेंहि उतरतें, त्यामुळें वाफ सांठण्यास पोकळी उरत नाहीं. भोंवतीं बांध असतो. तरीहि ६ ऑक्टोबर २०१७ रोजीं वीज पडून तेथील डिझेलची टाकी पेटली व आग आटोक्यांत आणण्यास कांहीं दिवस लागले.

इतका खटाटोप बंदरावर. परंतु पर्लकोटेस पूर येऊन भामरागडची वाट तुटली, कीं गांवास पावसाळ्यापूर्वीं भरून ठेवलेल्या पिंपाचाच आधार उरे.