घरगुती अग्निबाण

दिवाळींतील बाण सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याला बांधलेली काडी हाच त्याचा सुकाणू. ती मोडली कीं बाण आडवा धांवतो व कोणाच्या तरी गच्चींत शिरतो. शिवाय एकदां उडाला कीं तो संपलाच. तोच बाण छत्रीच्या आधारें अलगद खालीं यावा व पुन्हां पुन्हां उडवितां यावा, ही युक्ति १९५४ सालीं अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत ऑरव्हिल कार्लाइल नांवाच्या जोड्यांच्या दुकानदारानें काढली. दारूकाम हा त्याचा छंद. भाऊ रॉबर्ट यास लहान विमानें करण्याचा नाद. १९५७ सालीं स्पुटनिक आकाशांत चढला आणि तिकडील मुलें धातूच्या नळ्यांत स्वतः दारू ठासूं लागलीं. कित्येकांना भयंकर इजा झाल्या. कांहींचे प्राणहि गेले. त्याच वर्षीं हॅरी स्टाइन या अभियंत्यानें कार्लाइलचा बाण प्रचारांत आणला, आणि पुढें व्हर्न एस्टीस यानें इंधननळ्या भरणारें यंत्रच रचलें. इंधन कारखान्यानें भरावें, बाकीचें सर्व मुलानें करावें, असा हा विभाग आहे.

हें 'बाकीचें' थोडें नव्हे. अंग जाड कागदाच्या नळीचें, नाक व पंख हलक्या बाल्सा लाकडाचे. धातूचा स्पर्श शक्यतों नको. पंख तीन किंवा चार, सारख्या अंतरावर व अगदीं सरळ चिकटवावे. खरी परीक्षा येथेंच आहे. बाणाचा गुरुत्वमध्य हा वाऱ्याच्या दाबाच्या मध्यापेक्षां निदान नळीच्या एका व्यासाइतका नाकाकडे असावा लागतो. इंधननळी बसवून बाण तोलावा, गुरुत्वमध्यापाशीं दोरी बांधून डोक्याभोंवतीं फिरवावा. नाक पुढें ठेवून तो फिरला तर ठीक, नाहींतर नाकांत थोडी माती भरावी किंवा पंख वाढवावे. गणितांत कंटाळणारा मुलगा या दोरीपाशीं तासभर रमतो, हें मीं पाहिलें आहे.

इंधननळीवर 'ए ८-३' अशी खूण असते. अक्षर एकूण आवेगाचें: 'ए' म्हणजे फार तर २.५ न्यूटन-सेकंद, पुढील प्रत्येक अक्षरास ही मर्यादा दुप्पट. ८ हा सरासरी रेटा न्यूटनमध्यें. ३ म्हणजे इंधन संपल्यावर तितक्या सेकंदांनीं छोटी दारू पेटून छत्री बाहेर ढकलली जाते. छत्री जळूं नये म्हणून मध्यें न पेटणारा कागद घालतात. सुटतांना वेग कमी असल्यानें पंखांना वारा पकडतां येत नाहीं. म्हणून सुमारें मीटरभर सळईवरून बाण सोडावा, आणि तोहि निदान ५ मीटर दूर उभें राहून, विजेच्या तारेनें.

फटाके फोडून त्यांतील दारू नळींत भरण्याचा मोह कोणाला झालाच, तर तो पालकांनीं कठोरपणें मोडावा. १८८४ च्या स्फोटक कायद्याप्रमाणें परवान्यावांचून स्फोटकें करणें हा गुन्हाहि आहे. तयार इंधननळी न मिळाल्यास शीतपेयाच्या प्लास्टिकच्या बाटलींत तिसरा हिस्सा पाणी घालावें, घट्ट बुचांतून सायकलच्या पंपानें हवा भरावी. बूच सुटलें कीं पाणी खालीं, बाटली वर. न्यूटनचा तिसरा नियम तोच. पंख व नाक यालाहि लावावे, कांचेची बाटली मुळींच घेऊं नये, आणि भोंवतालच्या मंडळींनीं भिजण्याची तयारी ठेवावी.