दहा अधिक एक ते पाचशे अधिक पंचवीस

महाराष्ट्रातील शेळीपालनाच्या सरकारी योजना आकड्यांनी ओळखल्या जातात. १० शेळ्या आणि १ बोकड असा ‘१० अधिक १’चा गट कित्येक वर्षे गावोगाव वाटला गेला. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ च्या सुधारित रचनेत तोच गट वाढत वाढत ५०० शेळ्या आणि २५ बोकडांपर्यंत पोचला. त्यासाठी खर्चाच्या निम्मे, कमाल ५० लाख रुपये अनुदान ठरले. या दोन आकड्यांच्या दरम्यान शेळी परड्यातून शेडमध्ये आली आणि बाईच्या हातून प्रकल्प अहवालात गेली. तिच्या पोटाच्या, खुरांच्या आणि वेताच्या गरजा मात्र तसूभरही बदलल्या नाहीत. मधल्या काळातला बराचसा तोटा एवढ्याच गोष्टीकडे काणाडोळा केल्याने झाला.

सुरुवातीची वर्षे फारशी सांगण्यासारखी नाहीत. सरकारी कागदावर तेव्हा शेळीपेक्षा मेंढीला मान होता आणि सगळा भर मऊ लोकरीवर होता. दख्खनी मेंढीचा मेरिनो आणि रॅम्बुले या परदेशी जातींशी संकर करून पाहिला गेला. दख्खनीची लोकर जाड आणि काळी, घोंगडीच्या कामाची. पण ती मेंढी माणदेशातून कोकणापर्यंत चालत जाणारी आणि चालत परतणारी. मेंढपाळांच्या कळपांत तो संकर रुजला नाही. १९७८ मध्ये राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले. शेळीची चर्चा होई ती बहुधा आरोपी म्हणून, कारण झाडझाडोरा खाऊन डोंगर उघडे करणारी ती शेळी, असा समज होता. केंद्राने याच प्रश्नावर सी. एच. हनुमंतराव यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. उजाड माळांचा दोष एकट्या शेळीच्या माथी मारता येत नाही, हे त्याच्या १९८७ च्या अहवालातून पुढे आले. समज मात्र बरीच वर्षे टिकून राहिला.

‘१० अधिक १’ या गटातच एक खोट होती. सुदृढ बोकड २० ते ३० शेळ्यांना पुरतो. १० शेळ्यांत तो अर्धाअधिक रिकामा असतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे तो बदलला जात नसे. दीड-दोन वर्षांत त्याच्याच पाटी माजावर येत आणि बापाशीच त्यांचा मेळ होई. करडे लहान निपजू लागली, मरतुक वाढली, की दोष जातीला दिला जाई. दोन वर्षांनी बोकड शेजारच्या गावच्या कळपाशी अदलाबदल करावा, हा बिनपैशाचा उपाय अनुदानाच्या कागदात बसत नव्हता.

त्याच काळात एक खरा धोका आला. १९८७ मध्ये तामिळनाडूत पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी, भारतात प्रथम नोंदली गेली आणि पुढच्या दशकात ती देशभर पसरली. नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण, मग पातळ हगवण. कोवळी करडे चार-सहा दिवसांत जातात. पुढे मुक्तेश्वर येथे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने देशी विषाणूपासून लस तयार केली. एका टोचणीचे संरक्षण सुमारे तीन वर्षे टिकते. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत याच सुमारास दुसरे काम चालू होते. सुंदरबनातल्या गरोळे मेंढीत जुळी देण्याचा एक जनुक आहे. तो दख्खनी मेंढीत आणण्याचा तो चिकाटीचा प्रयोग होता. अशा कामाला वीस वर्षे लागतात आणि त्याची जाहिरात होत नाही.

जाहिरात झाली ती पुढच्या दशकात. साधारण २००५ ते २०१५ ही वर्षे बंदिस्त शेळीपालनाची. मटणाचे भाव चढत होते, गायरानांवर अतिक्रमणे वाढत होती आणि शेळ्यांमागे हिंडायला घरात कोणी उरले नव्हते. शेळी बांधून पोसण्याची कल्पना यातून आली, आणि ती मुळात चुकीची नव्हती. चुकला तो तिचा हिशेब. एका-दोन दिवसांच्या प्रशिक्षणवर्गांत एकच गणित फळ्यावर मांडले जाई: शेळी दोन वर्षांत तीन वेळा विते, दर वेताला जुळी देते, म्हणून १०० शेळ्यांपासून वर्षाला ३०० करडे. गाभण काळ १५० दिवसांचा असल्याने दोन वर्षांत तीन वेते शक्य असतात, हे खरे. पण त्यासाठी व्यालेली शेळी तीन महिन्यांच्या आत पुन्हा लागायला हवी, आणि ते तिच्या अंगावर मांस असेल तरच घडते. पहिलारू शेळी बहुधा एकच करडू देते. फळ्यावर हे दोन मुद्दे क्वचितच येत.

पैसा गेला तो आधी शेडमध्ये. मोठ्या शेळीला १० चौरस फूट छपराखाली आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा, एवढीच गरज असते. बांबूच्या कुडावर साधे छप्पर आणि मुरमाची जमीन त्यासाठी पुरते. प्रत्यक्षात लोखंडी कैच्या, सिमेंटचा कोबा आणि चहूबाजूंनी भिंती उभ्या राहिल्या. अशा शेडमध्ये पहाटे शिरले की मुताच्या उग्र वासाने डोळे चुरचुरत. करडांची नाके जमिनीलगत, त्यामुळे तो वास आधी त्यांच्या छातीत जाई आणि थंडीत न्यूमोनियाने करडे पटापट पडत. खडक-मातीवर हिंडणे नसल्याने खुरे झिजत नाहीत. ती पुढे वळून चपलेसारखी वाढतात आणि शेळी लंगडते. दोन-तीन महिन्यांनी खुरे कापायची असतात, हे अनेक ठिकाणी लंगड्या शेळ्या पाहिल्यावरच कळले.

दुसरा खड्डा चाऱ्याचा. एका शेळीला रोज तीन ते चार किलो हिरवा चारा, किलोभर वाळला चारा आणि पाव किलो खुराक लागतो. १०० शेळ्यांना रोज ३०० ते ४०० किलो हिरवा चारा म्हणजे वर्षाला सव्वाशे टनांच्या आसपास. शेड बांधताना ही बेरीज क्वचितच केली गेली. शिवाय शेळी गाईसारखी खाली मान घालून चरत नाही. ती शेंडे खुडणारी आहे. पायाखाली तुडवलेला चारा ती हुंगून सोडून देते. शेवरी, हादगा किंवा सुबाभळीची पेंडी तिच्या तोंडाच्या उंचीला टांगली तर पानन् पान फस्त होते. सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असल्याने ती एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नये, हेही माहीत असावे लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावण्या उघडल्या त्या प्रामुख्याने गाईगुरांसाठी, आणि बंदिस्त कळपांचे मालक मिळेल त्या भावाने शेळ्या काढू लागले.

तिसरा खड्डा जातीचा. धाराशिव-लातूरची काळी उस्मानाबादी, नगर-नाशिककडची संगमनेरी, विदर्भातली बेरारी, सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ या शेळ्या आपापल्या हवामानात मुरलेल्या आहेत. त्या दशकात मोल आले ते लांबून आलेल्यांना: राजस्थानची सिरोही, पंजाबची बीटल, मूळ दक्षिण आफ्रिकेची बोअर. या जाती वाईट नव्हत्या. त्यांची शेळी मांसाच्या भावाने नव्हे, पैदाशीच्या भावाने विकली जात होती, ही खरी गोम. एकाची करडे दुसरा नवा पालक चढ्या दराने घेई, दुसऱ्याची तिसरा. नवे पालक यायचे थांबले तेव्हा त्याच करडांना बाजारात किलोचा दर मिळाला. बकरी ईदच्या भरवशावर बोकड वाढवणारेही अनेक फसले. कुर्बानीचा बोकड वर्षाचा भरावा लागतो आणि ईद दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते. म्हणजे शेळ्या लावायच्या त्या सतरा महिने आधी, आणि तेही दर वर्षी तारीख मागे सरकवत.

सगळ्यात मोठी हानी रोगाने केली. शेळ्या निरनिराळ्या बाजारांतून गोळा होत, ट्रकमध्ये दाटीने उभ्या येत आणि उतरताच जुन्या कळपात सोडल्या जात. नवे जनावर २१ दिवस वेगळे बांधावे, हा नियम जुन्या मेंढक्यालाही ठाऊक असतो. तो पाळला न गेल्याने पंधरवड्याच्या आत पीपीआर फुटल्याची उदाहरणे त्या काळात तालुक्या-तालुक्यात होती. आंत्रविषाराचे तसेच. पहिल्या पावसानंतरच्या लुसलुशीत चाऱ्यावर कळपातली सगळ्यात धष्टपुष्ट करडे रात्रीत मरतात. त्यावरची लस मेअखेरीस टोचायची असते, पहिले करडू मेल्यावर नव्हे.

त्या दशकात जे टिकले, त्यांनी २० ते ४० शेळ्यांवर हात थांबवला, दिवसातून काही तास शेळ्या बाहेर काढल्या आणि बाजारात उपरण्याखाली बोटे दाबून होणारा सौदा नाकारून ताणकाट्यावर वजन करून विकले. त्यांच्याकडची खरी शिस्त वेताच्या वेळी दिसे. करडू पडताच नाकातोंडातला चिकटा पुसायचा, नाळ दोन बोटे ठेवून कापायची आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. मग सडांतली पहिली धार जमिनीवर काढून अर्ध्या तासात करडाला चीक पाजायचा. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात गेला तर रोगांशी झगडायची ताकद येते. अडीच किलोच्या करडाला तो पाव लिटर होतो. पुढे तीन महिन्यांनी दूध तोडायचे आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर जंताचे औषध द्यायचे, एवढेच वेळापत्रक उरते. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नतीच्या ‘उमेद’ अभियानातून तयार झालेल्या पशुसखी, म्हणजे गावातल्याच प्रशिक्षित बायका, हीच कामे शेजारणींच्या दारात जाऊन करतात.

आता आकडा ५०० चा आहे. दोन वर्षांत तीन वेते हे अहवालातले गणित खरे मानले, तर ५०० शेळ्या वर्षाला ७५० वेळा विणार, म्हणजे सरासरी रोज दोन वेते, त्यातली काही अपरात्री. प्रत्येक वेताला तो पहिला अर्धा तास शेळीपाशी एक जाणता माणूस लागतो. १० शेळ्यांच्या परड्यात हे काम घरची बाई करत होती. तिची मजुरी कधी कोणी धरली नाही, म्हणून ५०० च्या हिशेबातही ती धरायची राहून गेली.