वैशाखातली बाग पाहताना

पुण्यात लोक बाग पाहायला निघतात ते जानेवारीत. तेव्हा एम्प्रेस बागेत पुष्पप्रदर्शन भरते आणि थंडी इतकी अनुकूल असते, की माळ्याला फारसे काही करावेच लागत नाही. (माळी मंडळींनी रागावू नये!) माझे सांगणे जरा उलटे आहे. कुणाची खाजगी बाग पाहण्याचा योग आला, तर ती वैशाखात पाहा.

सिंहगडाच्या वाटेवर माझ्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांची अशी बाग आहे. मी प्रथम गेलो तो मे महिन्यात. “आता काय बघणार, मास्तर?” असे म्हणत त्यांनी संकोचानेच फाटक उघडले. कुंपणाला लागून साठ फूट लांब आणि सहा फूट रुंद असा एक पट्टा होता. त्यात झुडपे, कंद, बारमाही रोपे आणि हंगामी फुले, सारी एकत्र नांदत होती. याला मिश्र ताटवा म्हणावे.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या परसात तरी दुसरे काय असते? खरे आहे. फरक आहे तो योजनेचा. मागे जास्वंद आणि तगर. मध्ये कर्दळ, शेवंती, निशिगंध. पुढे सदाफुली आणि पावसाळी लिली. उंची उतरत येते, हे तर कुणालाही दिसेल. पण खरी गंमत वेळेची आहे. शेवंती फुलते थंडीत. मग तिचे वाळके ताटवे झाकायला उन्हाळ्यात कर्दळीची पाने हवीत. लिलीचे कंद मातीत निजलेले असतात. पहिला पाऊस पडला, की चार दिवसांत फुले वर. एक झोपले म्हणजे दुसऱ्याने उठायचे, असा हा संसार.

तरी भोके राहतातच. तिथे आमच्या गृहस्थांनी कुंड्या पुरून ठेवल्या होत्या. इंग्लंडात गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) नावाच्या बाई होऊन गेल्या. त्यांचा ताटवा दोनशे फूट लांब होता आणि रिकाम्या जागी त्याही कुंड्याच आणून ठेवीत. तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही.

पाण्याचे काय? पुण्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. म्हणून न्हाणीचे पाणी चर काढून कर्दळीकडे नेलेले, बाकी ठिकाणी पालापाचोळ्याचा चार बोटे थर, आणि पाणी द्यायचे ते ऊन उतरल्यावर. सदाफुलीला तर तेही फारसे लागत नाही. मूळची मादागास्करची, पण आपल्या मुरमाड जमिनीत तिच्याइतके समाधानाने कुणी राहत नाही. शेरडेही तिला तोंड लावीत नाहीत.

शिक्षकांनी शाळेच्या कुंपणाशी असा पट्टा जरूर करावा, मात्र कण्हेर आणि बिट्टी लावू नये. दोन्ही अतिशय विषारी आहेत आणि पोरे बिट्टीच्या बियांनी खेळतात. भिंतीलगत हातभर वाट सोडा. नाहीतर तण काढायला झाडे तुडवावी लागतील.

आणि हो, दुसऱ्याच्या बागेत फूल तोडू नये, फांदी मात्र खुशाल मागावी. बागवाल्याला मागणारा आवडतो. मी तगरीची फांदी मागितली, तर “ती पावसाळ्यात न्या, आता जगायची नाही,” म्हणाले आणि कागदाच्या पुडीत तेरड्याचे बी बांधून दिले. मृगाच्या सरी पडल्यावर ते टाकले. भाद्रपदात गौरींना तेरडा घरचाच झाला.