दिवेलागणीनंतरचे जेवण

"आई, भूक लागली!" बोरिवली, मुलुंड वा घाटकोपरच्या घरांत चपला काढण्यापूर्वीच ही हाक कानी येते. चर्चगेट-बोरिवली महिला विशेष लोकल 5 मे 1992 रोजी सुरू झाली. प्रवास थोडा सुखाचा झाला, पण गाडीत भाजी निवडणाऱ्या हातांना घरी विसावा मिळाला नाही.

अशा वेळी वेफर्सची पुडी दिली की मुलांची भूक मरते आणि पोळी-भाजी ताटात तशीच राहते. त्याऐवजी सहा-साडेसहाला केळे किंवा दाण्याचा लाडू द्यावा. मग जेवण साडेआठला झाले तरी मुले चिडचिड करीत नाहीत.

सकाळचा भात ओट्यावर झाकून ठेवण्याची सवय मात्र घातक. काही जंतूंची बीजे भात शिजवूनही मरत नाहीत. उबदार हवेत ती रुजून वाढतात व विष तयार करतात. हे विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे व खाताना चांगली वाफ आणावी. गाडीत निवडलेली भाजी घरी धुऊन मगच चिरावी.

सारा भार एकटीने का वाहावा? जो आधी घरी येईल त्याने कुकर लावावा. मुलांनी पाने घ्यावीत, काकडी धुवावी. मूगडाळीची खिचडी, दही व कोशिंबीर एवढेही पोषक जेवण होते. ते सर्वांनी एकत्र बसून, टीव्ही बंद ठेवून खावे.