संकट कोणतं, ते आधी ठरवा

बालवर्गाच्या मोठ्या गटात सुपरहीरोचा विषय सुरू व्हायचा असला की पहिलं काम शिवणाचं. घरोघरच्या जुन्या ओढण्या जमा होतात. त्यांचे मुलांच्या गुडघ्यापर्यंत येतील एवढे तुकडे कापायचे आणि खांद्यावर वेल्क्रो लावायचं. गाठ मारायची नाही. पळताना केप घसरगुंडीच्या कठड्यात अडकली तर वेल्क्रो चटकन सुटतं, गळ्याशी मारलेली गाठ सुटत नाही. बाजारातली तयार केप मी वर्गात वापरू देत नाही. तिच्यावरचं चित्र दिसलं की मुलं टीव्हीवर पाहिलेला भागच पुन्हा करून दाखवतात. कोऱ्या ओढणीत आपण कोण व्हायचं, हे मुलाला स्वतःच ठरवावं लागतं.

मग छातीवरचं चिन्ह. सुपरमॅनच्या छातीवर त्याच्या नावाचं पहिलं अक्षर असतं, हे मुलांनी पाहिलेलं असतं. पुठ्ठ्यावर प्रत्येकाने आपलं अक्षर काढायचं, कापायचं, रंगवायचं. पाटीवर गिरवताना कंटाळणारी मुलं इथे मान वर करत नाहीत. एका मुलीचं नाव जोडाक्षराने सुरू होतं. अर्धं अक्षर पुरेल का, असं विचारल्यावर तिने ठामपणे नकार दिला आणि मोठा पुठ्ठा मागून घेतला.

केप चढल्या की पहिल्यांदा उसळतं ते ढिशूम-ढिशूम. इथे बऱ्याच शाळा हा खेळच बंद करतात. मला ते पटत नाही. शिकागोच्या बालवर्गात अनेक वर्षं शिकवणाऱ्या व्हिव्हियन पेली यांनी 1984 साली ‘बॉइज अँड गर्ल्स: सुपरहीरोज इन द डॉल कॉर्नर’ हे पुस्तक लिहिलं. मुलग्यांच्या धावपळीच्या खेळाबद्दल स्वतःच्या मनात किती नाराजी आहे, ते त्यांनी त्यात प्रामाणिकपणे तपासलं आहे. बालवर्गात काम करणाऱ्या प्रत्येकीने ते वाचावं. मारामारी होते, कारण मुलांपाशी केप असते, पण करायला काही नसतं. ताईने त्यांना संकट पुरवायला हवं. तेही खरं, हाताला लागणारं आणि लगेच न सुटणारं.

माझं आवडतं संकट बर्फाचं. आदल्या रात्री वाट्यांत पाणी भरून त्यात प्लॅस्टिकचे छोटे प्राणी ठेवायचे आणि वाट्या फ्रीजरमध्ये टाकायच्या. सकाळी परातीत बर्फाचे गोळे, आत हत्ती, ससा, अस्वल. ‘हे अडकलेत’ एवढंच मी म्हणते. आधी सगळे बर्फावर बुक्क्या मारतात, पण हात गार पडतात आणि बर्फ तसाच राहतो. मग कुणी फुंकर घालतं, कुणी तळव्यात धरून चोळतं. कडेला मीठ, ड्रॉपर आणि कोमट पाण्याचा वाडगा ठेवलेला असतो, पण मी बोट दाखवत नाही. ड्रॉपर पिळताना चिमटीला जो व्यायाम होतो, तोच पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडतो.

एका मुलाने आपल्या अस्वलाला थंडी वाजत असेल म्हणून केप काढून त्यात गुंडाळलं. इतरांचे प्राणी सुटत आले, तरी त्याचं अस्वल आतच. त्याला रडू फुटणार, इतक्यात शेजारच्या मुलीने विचारलं, ‘ताई, केपमुळे बर्फ वितळत नाही का?’ दुसऱ्या दिवशी दोन सारखे गोळे ठेवले, एक उघडा आणि एक ओढणीत. उघडा आधी वितळला. ओढणी ऊब देत नाही, बाहेरची ऊब आत जाऊ देत नाही, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तरी त्यातल्या काहींना ते पटलं नाही. पाच वर्षांच्या मुलाला एका प्रयोगात पटावं अशी माझी अपेक्षाही नाही.

एरवी चटकन उठून जाणारी मुलं त्या परातीपाशी टिकून बसतात. याला आधार देणारा एक प्रयोग 2017 साली ‘चाइल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात आला होता. चार आणि सहा वर्षांच्या 180 मुलांना कंटाळवाणं काम दिलं होतं आणि मन विचलित करायला शेजारी टॅबलेटवरचा खेळ. ज्यांना बॅटमॅनसारखं एखादं पात्र व्हायला सांगितलं, ती मुलं कामाला सर्वाधिक वेळ चिकटून राहिली. आपल्याला हे नवीन वाटू नये. समुद्राकाठी हनुमान गप्प बसला होता, तेव्हा जांबवंताने त्याला त्याच्या बळाची आठवण करून दिली. ताईचं काम तेच आहे. उडी मारायला शिकवणं नव्हे.

या सगळ्यात एक अडचण कायम येते. संकटात सापडायला कुणी तयार नसतं, सगळ्यांना वाचवायचंच असतं. पहिले काही दिवस मी स्वतः निळ्या चादरीच्या नदीपलीकडे अडकून बसते. ठोकळ्यांचा पूल माझ्या वजनाला पुरेल का, यावर वाद होतात, पावलांनी अंतर मोजलं जातं. सर्वांत जास्त धक्काबुक्की करणारा मुलगा एकदा आपणहून येऊन माझ्याशेजारी बसला. ‘मला पण वाचवा,’ म्हणाला. त्याला हाताला धरून पुलावरून नेताना मुलं जेवढी सांभाळून चालली, तेवढी त्याच्याशी एरवी वागत नव्हती. त्यानंतर त्या जागेसाठी रांग लागायला लागली.

शेवटच्या आठवड्यात मी संकट आणत नाही, मुलांनी शोधायचं. सगळी फौज अंगणातल्या गळक्या नळापाशी थांबली. त्यांनी खाली बादली ठेवली, ती किती वेळात भरते ते पाहत बसले आणि मग पाटी लिहायची ठरली: ‘नळ आजारी आहे’. त्यातला ‘ळ’ उलटा पडला होता, तो मी सुधारला नाही. नळ मात्र त्याच दिवशी, मुलं घरी जायच्या आत, प्लंबरला बोलावून त्यांच्यासमोर दुरुस्त करून घेतला.